पळायलाय : ‘रन’ची वाटचाल

आमच्याकडं पोरगं धावत नाही, पळतं. शिरूर अनंतपाळच्या आसपास पहाटे रस्त्याला लागलं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एका लयीत पाय आपटत जाताना दिसतात. काय चाललंय म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, “पळायलोय.” जरा उदगीरकडं सरकलं की तेच “पळूलालोय” होतं. तोच पोरगा मोबाइलवर मित्राला मात्र सांगतो, “रनिंगला आलोय.” धावणं हे क्रियापद या सगळ्यात कुठंच नसतं. ते आमच्याकडं देवासाठी आणि अडल्या वेळेसाठी राखून ठेवलेलं आहे. संकटात देव धावतो, शेजारी धावून येतो, विहिरीत कुणी पडलं तर ‘धावा, धावा’ अशी हाक उठते. पायांचं रोजचं काम पळण्याचं.

शब्दार्थांच्या वहीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच ओळ आहे : रन म्हणजे धावणे. ही ओळ तिथं कुणी आणली आणि किती वळणं घेऊन आणली, त्याची ही हकिगत.

संस्थेच्या वाटचालीचा लेख म्हटला की स्थापना, संस्थापक, पहिली इमारत, देणगीदार, रौप्यमहोत्सव हे ठरलेलं. शब्दकोश हीसुद्धा एक संस्थाच. तिला कचेरी लागते, पगारी पंडित लागतात, सरकारी मंजुरी लागते, आणि संस्थापक गेला तरी ती चालू राहते. तिचे विद्यार्थी तेवढे तिला कधी भेटत नाहीत. इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणारी ही संस्था शिरूर अनंतपाळपर्यंत दोन वाटांनी आली. एक मुंबई-पुण्याची, दुसरी हैदराबाद-औरंगाबादची. पहिली जुनी आणि मराठी. पण आमच्या शाळांत आधी पोचली ती दुसरी.

पहिल्या वाटेचा आरंभ महाराष्ट्रात झालाच नाही. तो बंगालमधल्या श्रीरामपूरला झाला. विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीनं १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला, तोही मोडी अक्षरात. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी या लष्करी अधिकाऱ्याचा कोश मुंबईत निघाला. पण संस्था म्हणावी असं काम उभं राहिलं ते जेम्स मोल्सवर्थ यांच्या हाताखाली. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू, आणि शब्द गोळा करणारे, पारखणारे ब्राह्मण पंडित, असा तो फड होता. १८३१ मध्ये मुंबईत मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले शब्द ६० हजारांवर गेले. लोक मोल्सवर्थना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणू लागले. मराठी माणूस ज्याला आपला मानतो त्याचं नाव आधी मोडतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या कामाचा कोश मात्र उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजीकडून मराठीकडं येणारा. तो मोल्सवर्थनी सुरू केला आणि थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हं रुळवली तीही याच कँडींनी. म्हणजे इंग्रजी क्रियापदाला मराठीत पळायला लावणारा आणि मराठी वाक्याला थांबायला शिकवणारा माणूस एकच. पुढं नीळकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ पासून भागाभागानं विसाव्या शतकाचा म्हणून एक इंग्रजी-मराठी कोश काढायला घेतला. तो १९१६ मध्ये दोन खंडांत पूर्ण झाला. त्यात उच्चार, व्युत्पत्ती, वाङ्मयीन आणि शास्त्रीय अर्थ असं सगळं होतं. शब्दाचं मूळ, अर्थ आणि वापर एका जागी मिळायची सोय मराठी वाचकाला इथं झाली.

तिकडं इंग्लंडातही मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीचं १८५७ हेच वर्ष. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं आहेत त्या कोशांत नोंद नसलेले शब्द गोळा करायला एक समिती नेमली, आणि त्यातून पुढं ऑक्सफर्डचा तो अवाढव्य कोश उभा राहिला. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये वारले, काम १९२८ मध्ये संपलं. ‘आर’ हे अक्षर, आणि त्यातलं ‘रन’, विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आलं होतं. ‘रन’ची गोष्ट पुढं येतेच.

मुंबई-पुण्याकडं ही सगळी धामधूम सुरू असताना शिरूर अनंतपाळ मोल्सवर्थच्या नकाशात नव्हतंच. शिरूर नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर, बीडला शिरूर कासार, आमच्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातलं शिरूर ताजबंद. म्हणून प्रत्येकाला शेपूट. कोशात एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांपुढं बारीक अंक घालतात, तसं आमचं ‘अनंतपाळ’. हे गाव निजामाच्या राज्यात होतं, निलंगा तालुक्यात, आणि जिल्हा होता बिदर. मराठी, कन्नड, दखनी अशा तीन बोलींचा तो जिल्हा. बाजारात ‘पळ’, ‘ओडु’ आणि ‘भाग’ हे तिन्ही शब्द एकाच बैलाच्या मागं लागायचे.

या राज्यात शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. प्राथमिकच्या यत्ता मराठीत मिळाल्या तर मिळाल्या, पुढचं सगळं उर्दूतून. १९१७ मध्ये मीर उस्मान अली खानांनी फर्मान काढलं आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. वैद्यक, कायदा, गणित हे सगळं एका भारतीय भाषेतून शिकवायचं धाडस त्या काळात दुसऱ्या कुठल्या विद्यापीठानं केलं नव्हतं. इंग्रजी तिथं होती, सक्तीची होती, पण माध्यम म्हणून नव्हे, विषय म्हणून. आता विद्यापीठ उर्दूतून चालवायचं तर पुस्तकं उर्दूत हवीत. त्यासाठी हैदराबादला ‘दारुत्तर्जुमा’ ही भाषांतराची कचेरी १९१७ मध्येच निघाली. तिचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक.

हे अब्दुल हक मूळचे उत्तरेतल्या हापुडकडचे. पण त्यांच्या उमेदीची बरीच वर्षं मराठवाड्यात गेली. औरंगाबादला ते शाळाखात्याचे निरीक्षक होते, पुढं तिथल्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. १९१२ मध्ये त्यांच्याकडं ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चं चिटणीसपद आलं आणि त्यांनी या संस्थेची कचेरीच औरंगाबादला आणली. १९२१ पासून ‘उर्दू’ नावाचं त्रैमासिक तिथून निघू लागलं. छापखानाही तिथंच. आणि त्या छापखान्यातून १९३७ मध्ये बाहेर पडला ‘स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी’ हा जाडजूड कोश. पुढं अंजुमन दिल्लीला गेली, फाळणीनंतर अब्दुल हक कराचीला गेले, ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून १९६१ मध्ये वारले. कोश मात्र दोन्ही देशांत छापला जात राहिला.

मला हे सारखं नवल वाटतं. इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणारा एक मोठा कोश मराठवाड्याच्या मातीत, औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात तयार झाला, आणि मराठी कोशवाङ्मयाच्या इतिहासात त्याला ओळभर जागा नाही. भाषा दुसरी म्हणून नसेल. पण त्या काळात बिदर जिल्ह्यातल्या मराठी घरातला जो मुलगा हायस्कुलात जाई, त्याला ‘रन’चा अर्थ मोल्सवर्थ सांगायला येत नव्हता. त्याला अर्थ कळायचा तो ‘दौड़ना’. घरी पळायचं, वर्गात दौड़ना आणि परीक्षेत रन. एका क्रियापदासाठी एवढी पायपीट करणाऱ्या त्या मुलांना आपण सहजपणे ‘इंग्रजीत कच्ची’ म्हणून मोकळे होतो. ज्या माणसाला तीन भाषांत पळता येतं तो कच्चा कसा?

निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा हा भाषेचाही लढा होता हे खरं, आणि उर्दूची सक्ती ही सक्तीच होती. त्या अन्यायावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण सक्ती करणारं सरकार आणि टेबलाशी बसून एकेका क्रियापदाला प्रतिशब्द शोधणारा कोशकार ही माणसं वेगळी. ‘दौड’ शब्द आम्हांला परका नव्हताच. घोडदौड आमचीच. दौड मारणं आमचंच.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि मुंबई राज्यात आले, उरलेल्या बिदरचा बराचसा भाग म्हैसूरकडं गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, १९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ तालुका झाला. हे शासकीय टप्पे वाचायला रूक्ष आहेत, पण त्यांच्यामागं शब्दार्थाची वही बदलत होती. ज्या गुरुजींनी स्वतः उर्दूतून मॅट्रिक केलं, त्यांनाच आता मराठीतून इंग्रजी शिकवायची होती. ‘दौड़ना’च्या जागी ‘धावणे’ आलं. ते आलं पुण्याकडच्या कोशांतून, मार्गदर्शकांतून आणि पुढं १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांतून. पळणं तेव्हाही बाहेरच राहिलं. ग्रंथांच्या मराठीत पळणं म्हणजे भित्र्यानं पाठ दाखवणं. शर्यतीत धावायचं, लढाईतून पळायचं, अशी वाटणी तिकडं झालेली होती. आमच्या बोलीला ती मान्य नव्हती, पण आम्हांला विचारलं कुणी?

आता त्या शब्दाकडं वळू. ‘रन’ दिसायला तीन अक्षरांचं पोर, पण त्याच्या अंगात दोन क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत एक क्रियापद होतं ‘रिन्नन’. ते आपण होऊन पळण्याचं, वाहण्याचं. त्याचंच दुसरं रूप ‘इर्नन’, ज्यात ‘र’ आणि स्वर यांनी जागा बदलल्या. असा वर्णविपर्यय आम्हांला नवा नाही. नुकसानीचं ‘नुस्कान’ आमच्या तोंडात रोज होतं. दुसरं क्रियापद होतं प्रयोजक, म्हणजे पळवण्याचं, दौडवण्याचं. उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतही अशीच जोडी होती, ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’. शतकानुशतकं ही सगळी भावंडं एकमेकांत मिसळली आणि शेवटी एकच ‘रन’ शिल्लक राहिलं. मराठीत पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे अशी दोन स्वतंत्र दारं आहेत. इंग्रजीत मधली भिंत पडली. म्हणून तिकडं नदीही ‘रन’ होते आणि बाई शाळाही ‘रन’ करते. पहिल्यात कर्ता स्वतः हलतो, दुसऱ्यात दुसऱ्याला हलवतो, आणि शब्द तोच. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर अर्ध्या चुका टळल्या असत्या.

भिंत पडल्यावर घर किती पसरलं ते ऑक्सफर्डच्या लोकांना मोजावं लागलं. १९८९ च्या २० खंडी दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ हाती घेतलं आणि जवळजवळ नऊ महिने दुसरं काही केलं नाही. २०११ मध्ये आकडा जाहीर झाला : क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ. नऊ महिने हा हिशेब कोणत्याही आईला चटकन समजेल. इतके अर्थ आले कुठून? बरेचसे यंत्रांतून. वाफेचं इंजिन, गिरणी, आगगाडी, घड्याळ, पुढं संगणक, जे जे आपोआप हलू लागलं त्याला इंग्रजांनी ‘रन’ लावलं.

मराठीनं त्याच जागी शांतपणे ‘चाल’ लावली. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, खटला चालतो, संसार चालतो, नोट चालत नाही. तोंड चालतं, हात चालतो, आणि कुणी फार हुशारी केली की माणूसच ‘चालू’ ठरतो. गाण्याला चाल, सोंगटीला चाल, घराण्याला चालरीत. आणि होकार द्यायचा तर “चालतंय की”. इंग्रज जिथं पळतो तिथं मराठी माणूस चालतो असं म्हटलं की कुणी लगेच स्वभावाचा निष्कर्ष काढेल. तसं नाही. ऊस गाळायचा चरक असो की पाण्याची मोट, आपली यंत्रं बैलांच्या पावलानं चालत होती. शब्दानं ते पाऊल धरलं, एवढंच. गंमत अशी की ज्या लेखनप्रकारात संस्थेचा इतिहास सांगतात त्यालाही आपण वाटचाल म्हणतो. इंग्रजीत संस्था ‘रन’ करतात. मराठीत ती वाट चालते, तीही पायी.

निवडणुकीत मात्र उलटं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडात तो ‘स्टँड’ होतो, आमच्याकडं तो ‘उभा राहतो’. निवडून आल्यावर कुठं पळतो ते मतदारांना ठाऊक.

क्रिकेटनं ‘रन’ला मराठीत सगळ्यांत आधी मोकळी वाट दिली. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी रेडिओवरून मराठीत खेळ सांगितला, धाव आणि धावसंख्या हे शब्द घराघरात गेले. ‘रन आउट’ला ‘धावचीत’ हा शब्द ज्यानं घडवला त्याची दाद द्यावी. धाव पुस्तकातली, पण ‘चीत’ थेट आखाड्यातली. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या निलंगा भागात चीत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पोरं खेळताना मात्र ‘रन आउट’च म्हणतात, किंवा नुसतं ‘आउटय रे’.

‘धावणे’ या शब्दाचा दुसरा मुक्काम वर्तमानपत्रात. रेल्वे धावते ती मथळ्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन, तेव्हा ती सगळ्या मथळ्यांत लातूरसाठी ‘धावली’. त्या वेळी हा शब्द पहिल्यांदा माझ्या कानाला बरोबर लागला. कारण ते नुसतं रुळावरचं पळणं नव्हतं, आमच्या बोलीतल्या अर्थानं मदतीला धावून येणं होतं. नळाला पाणी नसलेल्या घरात बसून मी हे भाषाशास्त्र केलं, त्याचा माठाला काही उपयोग झाला नाही.

सन २००० मध्ये महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे शिरूर अनंतपाळ तालुका झाला आणि पाठोपाठ सहा वर्षांच्या लेकरापुढं ‘रन’ येऊन उभं राहिलं. शिक्षकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण देणारी राज्याची संस्थाही औरंगाबादेतच होती, जिथं त्रेसष्ट वर्षांपूर्वी इंग्रजी-उर्दू कोश छापला गेला होता. नवी पद्धत चांगली होती. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. गुरुजी ‘सिट’ म्हणाले की बसायचं, ‘जंप’ म्हणाले की उडी मारायची. ‘रन’ म्हणाले की वर्ग रिकामा. पोरांना न्याहारीपेक्षा हा शब्द प्यारा. या पद्धतीत मधला दुभाष्या गेला. दौड़ना नको, धावणे नको, शब्द थेट पायात.

तिसरी-चौथीपर्यंत हे सुख टिकतं. मग ‘रन-रॅन-रन’ हे पाठांतर येतं, मग काळ येतात, आणि चालू वर्तमानकाळापाशी दुभाष्या परत येऊन खुर्चीवर बसतो. ‘ही इज रनिंग’ म्हणजे ‘तो धावत आहे’. आता खरं पाहता चालू वर्तमानकाळ शिकवायला लातूर-नांदेडच्या पोराइतका तयार विद्यार्थी नाही. प्रमाण मराठीत ‘तो पळतो’ हे रोजचंही असू शकतं आणि आत्ताचंही. आमच्या बोलीत ‘पळतो’ वेगळं आणि ‘पळायलाय’ वेगळं. पाऊस ‘पडतो’ तो जूनमध्ये, ‘पडायलाय’ तो आत्ता, पत्र्यावर आवाज येतोय तो. कान देऊन ऐकलं तर ‘पळूलालाय’ मध्ये ‘पळू लागला आहे’ याची झीज मला तरी दिसते. इंग्रजीनं जो फरक ‘रन्स’ आणि ‘इज रनिंग’ यांत ठेवला, तोच या बोलीनं आपल्या खर्चानं घडवून ठेवलाय. आणि वर्गात पहिल्यांदा पुसायला लावतात ते हेच रूप, गावंढळ म्हणून.

दरम्यान शब्द शाळेची वाट न पाहता गावात शिरला. जुनी मोटारसायकल घ्यायला माणूस आला की आधी विचारतो, “रनिंग किती झालंय?” सुतार आणि फॅब्रिकेशनवाला ‘रनिंग फूट’वर भाव सांगतो. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार ‘ड्राय रन’ होते, ती जळू नये म्हणून पेटीत वेगळं उपकरण बसवतात, आणि ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही तोही ते नावानं मागतो. भरतीच्या पोरांचं तर सगळं गणितच त्यावर : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर. त्यांच्या तोंडी ‘रनिंग मारणे’ हे नवं क्रियापद आहे. कँडी असते तर त्यांनी नोंदवून घेतलं असतं. शब्दाला जात विचारायची नाही, वापर विचारायचा, ही त्यांच्या कचेरीची रीत होती.

मागं एकदा एका शाळेत चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा योग आला. सरांनी फळ्यावर पळणाऱ्या मुलाचं चित्र काढलं. विचारलं, “व्हॉट इज ही डूइंग?” वर्गानं एका सुरात सांगितलं, “पळायलाय!” सर हसले. चित्राखाली त्यांनी ‘रनिंग’ लिहिलं आणि पुढं ‘धावत आहे’. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं लिहून झाल्यावर पेन्सिल वर धरली.

“आन् सर, पळायलायला काय म्हणायचं?”